न मागितलेली माफी

आप्पासाहेबांच्या जन्मशताब्दीचा गौरवग्रंथ गेल्या महिन्यात घरपोच आला. ग्रंथ वजनदार आहे. माझी एक खिडकी वाऱ्याने आपटत असे, तिला तो टेकवून ठेवल्यापासून आपटत नाही. असे ग्रंथ मी बरेच वाचले आहेत. गावच्या वाचनालयाची पाटी रंगवली तेव्हा मोबदला म्हणून जन्मभर फुकट पुस्तकं, असा करार मी केला होता. त्यामुळे जी पुस्तकं कुणीच घरी नेत नाही तीही मी वाचून काढली. गौरवग्रंथातला माणूस जन्मतो तोच मोठा असतो. पुढे त्याला नुसतं म्हातारं व्हायचं काम उरतं.

या ग्रंथात ‘क्षमाशील आप्पासाहेब’ नावाचं एक प्रकरण आहे आणि त्यात मी आहे. नावानिशी नाही, ‘एक अजाण बालिका’ म्हणून. सारंगखेड्याच्या यात्रेत सिनेमाच्या तंबूत या बालिकेने आप्पासाहेबांची टवाळी केली, दुसऱ्या दिवशी भर सभेत रडत, हात जोडून माफी मागितली, आप्पासाहेबांनी तिच्या मस्तकावर हात ठेवून क्षमा केली आणि तिच्या कलेला उत्तेजन दिलं, असं त्यात लिहिलं आहे.

यातली यात्रा खरी आहे आणि तंबू खरा आहे. बाकीचं दुरुस्त करायचं आहे. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘रंगरेषांचा प्रवास’ मागितला होता. माझा प्रवास म्हणजे शहादा ते तळोदा आणि तळोदा ते शहादा, सायकलच्या हँडलला रंगाचे डबे अडकवून. त्याऐवजी त्यांनी ही दुरुस्ती छापावी.

मी पेंटर. चित्रकार नव्हे. चित्रकार स्वतःला दिसतं ते काढतो. पेंटर गिऱ्हाइकाला जे दिसावंसं वाटतं ते काढतो. तळोद्याच्या एका हॉटेलवाल्याच्या पाटीवर ‘शुद्ध दुधाचा चहा’ असं मी जवळजवळ दर वर्षी नव्याने रंगवत असे. दूध जसजसं पातळ होत गेलं तसतसा तो ‘शुद्ध’ मोठा काढायला सांगे. शेवटी शेवटी पाटीवर ‘शुद्ध’ एवढंच मावलं आणि चहा खाली कोपऱ्यात गेला. धडगावला एका कचेरीची भलीमोठी पाटी रंगवत शिडीवर चढले होते, तेव्हा डोंगरातला एक म्हातारा खाली उभा राहून बराच वेळ बघत होता. काय लिहिलंय, त्याने खुणेने विचारलं. मी वाचून दाखवलं. त्याच्या घरची बोली पावरी. माझ्या तोंडून बाहेर पडलेल्या त्या लांबलचक सरकारी मराठीतलं त्याला काही कळलं नाही. खरं म्हणजे मलाही फारसं कळलं नव्हतं. आम्ही दोघांनी मान डोलावली. मग त्याने पाटीच्या सावलीत पटका पसरला आणि झोपला. त्या पाटीचा एवढा चांगला उपयोग नंतर कुणी केल्याचं मला माहीत नाही.

पण माझी सुरुवात पाट्यांनी झाली नाही. काचांनी झाली.

एकोणीसशे साठच्या आगेमागे आमच्या भागात सिनेमा यायचा तो तंबूतून. नंदुरबार, शहादा, तळोदा, प्रकाशा, आठवड्याचे बाजार आणि यात्रा, असा तो फिरायचा. यंत्र एकच असे. सिनेमाचं एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या. तो वेळ भरून काढायला काचेच्या चौकोनी स्लाइडी दाखवत. ‘कृपया विडी विझवा’, अमक्या दुकानाची लुगडी, तमक्याचं तंबाखूचं दुकान. आम्ही त्यांना नुसतं काच म्हणायचो. काच घासून पुसून चिमणीच्या ज्योतीवर धरायची, काजळी सगळीकडे सारखी बसू द्यायची, वरून पातळ व्हार्निश द्यायचं आणि वाळल्यावर सुईने खरवडून अक्षर काढायचं. जिथे खरवडलं तिथून उजेड जातो. रंग हवा असेल तर मागून रंगीत जिलेटीनचा कागद. वर दुसरी काच, चारी कडांना काळी पट्टी, झालं. ही काच यंत्रात उलटी घालायची असते, डोकं खाली. एकदा मी एका कापडवाल्याची जाहिरात सुलटी घातली. पडद्यावर लुगड्यातली बाई शीर्षासन करत होती. दुसऱ्या दिवशी कापडवाला भांडायला आला असं वाटलं, पण तो म्हणाला, “रोज तशीच लावा. काल पहिल्यांदाच लोकांनी मान वाकडी करकरून वाचली.”

माझे वडील, नाना, या काचा बनवायचे. छगनशेठ नावाच्या गृहस्थांच्या टॉकीजशी त्यांचा ठराव होता. हिवाळ्यात टॉकीज यात्रांना निघालं की आम्हीही बैलगाडीत बसून मागोमाग. मी सातवीत शाळा सोडली होती. सोडली म्हणजे सुटली. तपासणीला साहेब आले तेव्हा स्वागताचं भाषण माझ्याकडे होतं, कारण अक्षर माझं चांगलं होतं. चांगल्या अक्षराच्या मुलीला बोलताही येत असेल असा गुरुजींचा समज. मी उभी राहिले. एक पाय दुसऱ्या पायावर, वेणीचं टोक तोंडात, कोपर बाहेर आलेलं. तशीच उभी राहिले. साहेब घड्याळ बघू लागले, तशी खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेले नाही.

घरी कुणी आलं की मी मागच्या दाराने गोठ्यात. बाजारात मीठ आणायला पाठवलं तर दुकानासमोर उभी राहून परत. दुकानदाराने “काय देऊ?” विचारलं आणि त्याचा हात खराट्यावर होता म्हणून मी खराटा घेऊन आले, असंही झालेलं आहे. आई कपाळाला हात लावायची. “माय वं, हाई पोर घरमा पोपटनी मायक बोलस, आनि लोकस्ना सामने हिले काय व्हई जास?” काय होई ते मलाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे: काही होत नसे. काही माणसं पडद्याच्या मागची असतात. त्यांना पुढे ढकलल्यावाचून जगाचं काही अडत नाही, पण जग ढकलल्याशिवाय राहत नाही.

तळोद्याच्या बाजारात एका संध्याकाळी दिव्याच्या धगीने आमच्या काचा तडकल्या. ऑपरेटर सुपडूभाऊ. बारीक चणीचा, विडी कानावर, यंत्राशी बोलणारा माणूस. ओरडायला लागला. “पेंटर, काहीबी दे! लोक आते तंबू फाडतीन!” नाना बाहेर गेले होते. काजळी धरलेली एक कोरी काच माझ्यापुढे होती. मी सुई घेतली आणि सुचलं ते खरवडलं: पाण्याचा रांजण, त्याच्यामागे दडलेली मुलगी, बाहेर राहिलेली फक्त वेणी. सुपडूभाऊने ती लावली. शिट्ट्या थांबल्या आणि हसू आलं. सुपडूभाऊ वळून म्हणाला, “आखो दे,” म्हणजे अजून दे. दुसऱ्या काचेवर मी दारातून आत डोकावणारा पाहुणा काढला. तिसऱ्या काचेत पाहुणा पाणी प्यायला रांजणाशी येतो आणि वेणी ओढतो, त्याला ती दोरी वाटते.

तिचं नाव चिंधी कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही. बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं असेल. आमच्याकडे मूल जगावं म्हणून चिंधी, दगडू, सुपडू अशी नावं ठेवतात. दृष्ट लागू नये असं काहीतरी टाकाऊ. सुपडूभाऊला तर ती धाकटी बहीणच वाटायची.

मग दर रिळाला चिंधी आली. नेहमी तीन काचा. पहिलीत चिंधी एकटी, सुखात, पायावर पाय, वेणीचं टोक तोंडात. दुसरीत कुणीतरी येतं आणि ती लपते. कणगीत, उपड्या टोपल्याखाली, म्हशीच्या पोटाआड. तिसरीत जे आलेलं असतं ते पुढ्यात उभं. दोन काचांच्या मध्ये सुपडूभाऊ यंत्राजवळच्या माइकवर नखाने वाजवायचा: टक. त्या टकेची लोकांना इतकी सवय झाली की टक ऐकली की हसायला तोंड उघडून तयार. चिंधीच्या काचांत एकही अक्षर नव्हतं. वाचता येणारे थोडे होते, आणि सातपुड्यातून उतरलेल्या माणसांना तर आमची बोलीही परकी. पण लपणं सगळ्यांना कळतं. लोक पाय मोकळे करायला बाहेर जायचे ते थांबले. शेंगदाणेवाला नानांवर रागावला. चिंधी असली की त्याच्याकडे कुणी फिरकेना.

काढणारी मी आहे हे नाना, आई, शेठ आणि सुपडूभाऊ सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. लोक समजत नाना काढतात. मला तेच हवं होतं. मी बायकांच्या कनातीत आईच्या पाठीमागे बसायची आणि अंधारात एवढी माणसं माझ्याशी बोलत आहेत असं मला वाटायचं. माझं सगळं बोलणं त्या काचांत होतं. बाहेर नव्हतंच.

आता आप्पासाहेब.

त्यांच्याकडे किती संस्थांची अध्यक्षपदं होती ते त्यांनाही आठवत नसे. त्यासाठी एक सेक्रेटरी होता. सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो, आणि तंबूची जागा कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळीत आप्पासाहेब मुख्य. म्हणून त्यांच्या स्वागताची काच दर साली निघे. त्या साली नानांनी ती जीव ओतून केली होती: केशरी फेटा, तुरा, गळ्यात हार, जोडलेले हात. मिशा सेक्रेटरीने पुन्हा पुन्हा काढायला लावल्या. पहिल्या फार बारीक, दुसऱ्या फार राकट. तिसऱ्या खेपेला नाना म्हणाले, “तुमीच सांगा, साहेबस्ना चेहरावर कोनत्या मिशा शेत?” सेक्रेटरी म्हणाला, “शोभतील अशा.”

यात्रेच्या पहिल्या दिवशी ही काच रिवाजाप्रमाणे सुरुवातीला लावली. त्या वेळी लोक अजून जागा धरत होते, गोधड्या अंथरत होते. कुणी पाहिलं नाही. सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या राहुटीत आला. मी काचा पुसत होते.

“पेंटर, साहेबांची स्लाइड वाया जाते आहे. लोकांचं लक्ष कधी असतं ते मी काल पाहिलं. ती पोरगी लपते तेव्हा. तंबूत चिटपाखरू हलत नाही. साहेबांची तिथे लावा.”

नाना म्हणाले, “चिंधीना बादमा लावूत.”

“नंतर उठतात लोक. मध्ये लावा. ती लपली रे लपली, की लगेच.”

मी जोरात मान हलवली. सेक्रेटरीने बघितलं. “ही का मान हलवते?”

“तिले थंडी वाजी ऱ्हायनी,” नाना म्हणाले.

सेक्रेटरी गेल्यावर मी नानांना म्हटलं, “लोक हासतीन.” नानांनाही ते दिसत होतं. पण सांगणारा जागेच्या मालकाचा माणूस, आणि शेठ म्हणाले, “पेंटर, जैसा बोला वैसा करो. अपनेको क्या.”

त्या संध्याकाळी आप्पासाहेब स्वतः आले. पुढे त्यांच्यासाठी कोच मांडला होता, मागे सगळी यात्रा जमिनीवर. पहिलं रीळ संपलं. चिंधी अंगणात कोंबडीला दाणे टाकते आहे. टक. चिंधी उपड्या टोपल्याखाली, पाय तेवढे बाहेर, टोपल्यावर कोंबडी. टक. आणि केशरी फेटा, तुरा, हार, शोभतील अशा मिशा आणि जोडलेले हात.

मग बायकांच्या बाजूने एक म्हातारी अगदी मनापासून म्हणाली, “माय वं! हाऊ कोन कोंबडी मांगाले उना?”

मी नंतर पुष्कळ विनोदी लेखन वाचलं, पण तसं हसू मला कुठे ऐकू आलं नाही. तंबूच्या दोऱ्या हलल्या. बाहेर बांधलेले घोडे खिंकाळले. आणि वाईट म्हणजे, काच इतकी सुंदर झाली होती की सुपडूभाऊला ती काढवेना.

सकाळी आम्हाला बोलावणं आलं. नाना, शेठ, सुपडूभाऊ, आणि नानांचा सदरा धरून मी. आप्पासाहेब खुर्चीवर, सेक्रेटरी शेजारी उभा. आप्पासाहेब रागावलेले नव्हते. रागावणं त्यांना लहान वाटे. ते दुखावले होते.

“माझं काही नाही,” ते म्हणाले. “माझ्यामागे उभ्या असलेल्या जनतेच्या भावना आहेत.”

जनतेच्या भावना आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी ऐकल्या होत्या. पण तसं कुणी म्हणालं नाही.

नानांनी हात जोडले. “साहेब, सेक्रेटरीसाहेबस्नीच सांगेल व्हतं, मजारमा लावा म्हनीसन.”

“मी?” सेक्रेटरी म्हणाला. “मी असं सांगेन? साहेब, मी असं सांगेन का?”

नानांनी शेठकडे पाहिलं. शेठ तंबूच्या खुंटीकडे बघत होते. सुपडूभाऊने कानावरची विडी काढली, बघितली, परत ठेवली. मला तेव्हा कळलं की खोटं बोलायला एकच माणूस लागतो. बाकीच्यांनी खुंटीकडे पाहिलं की पुरे.

मग निकाल झाला. ज्याने ही टवाळी काढली त्याने संध्याकाळी खेळाआधी स्टेजवर उभं राहून, माइकवर, सगळ्यांपुढे माफी मागायची. चिंधीच्या काचा बंद. नाहीतर तंबू आजच उठवायचा.

“मांगस, साहेब,” नाना म्हणाले. “मी काढी. मी माफी मांगस.”

नाना उंच होते. पाटीच्या वरच्या ओळीसाठी त्यांना शिडी लागत नसे. ते कमरेत वाकले होते आणि ज्या माणसाने त्यांना वाकवलं होतं तोच त्यांच्याकडे क्षमाशील नजरेने बघत होता. आणि चिंधी माझी होती. माफी मागितली की ती चूक होणार होती. ती लपली ती चूक, तिला लोक हसले ती चूक. सगळी संध्याकाळ, सगळं बोलणं, चूक.

“मी काढी,” मी म्हणाले.

सगळे वळले. आप्पासाहेबांना मी तिथे आहे हेच तोवर दिसलं नव्हतं.

“कमली, गपचूप ऱ्हाय,” नाना पुटपुटले.

“मी काढी. मीच जासू.”

आप्पासाहेब खूश झाले. बाप्यापेक्षा पोर बरी. क्षमा जास्त उठून दिसते. “ठीक आहे. मुलगीच येऊ दे. भिऊ नकोस, बेटा. दोन शब्द बोल, की झालं.”

दोन शब्द! त्यांना कल्पना नव्हती की ते माझ्याकडून काय मागत आहेत. नानांना होती. राहुटीत परतताना ते म्हणाले, “तू उभी ऱ्हाशी, पन बोलशी का?” दिवसभर मला भूक लागली नाही. आईने भाकरी पुढे केली आणि परत नेली. ती काही बोलली नाही, आणि आमच्या घरात हे यात्रेपेक्षा मोठं आश्चर्य होतं. जाताना तिने माझी वेणी घट्ट घातली, एवढंच.

संध्याकाळी तंबू आदल्या दिवसापेक्षा भरला होता. माफी बघायला लोक सिनेमापेक्षा जास्त येतात. पडद्यापुढे फळ्यांचं स्टेज, त्यावर दुसरा माइक. स्टेजवर वेगळा दिवा नव्हता, म्हणून सुपडूभाऊने काच न घालता यंत्राचा नुसता पांढरा उजेड सोडला. मी वर गेले. समोर काही दिसेना. डोळ्यांत सगळा उजेड. तेवढं बरं झालं.

मी उभी राहिले. शाळेत राहिले होते तशीच. पाय पायावर गेला. कोपर बाहेर आलं. वेणीचं टोक तोंडात कधी गेलं कळलंच नाही. पुढून सेक्रेटरीचा आवाज आला, “बोल, बोल.” मागे कुजबुज सुरू झाली. मी तशीच. साहेब घड्याळ बघतील, मग मी खाली बसेन, मग संपेल, असं मला वाटलं.

आणि कनातीतून तीच कालची म्हातारी ओरडली, “माय वं! हाई ते चिंधी शे!”

मला कळेना. मग मी मान वळवून मागे पाहिलं. पडद्यावर माझी सावली पडली होती. काळी, स्वच्छ, कडा सुईने कोरल्यासारख्या. पायावर पाय, बाहेर आलेलं कोपर, तोंडाला लागलेली वेणी. तीच. गेली दोन वर्षं मी जिला अंदाजाने काढत होते ती माझ्यापाठी उभी होती, आणि सगळ्या तंबूने तिला माझ्याआधी ओळखलं होतं.

“चिंधी! चिंधी उनी!” लोक टाळ्या वाजवायला लागले. डोंगरातली माणसं, बायका, घोडेवाले. “बोल वं, चिंधी! बोल!”

चिंधी दुसऱ्या काचेत लपते. मागे पडदा होता, त्याच्या पलीकडे अंधार, तिथून बैलगाडी दोन उड्यांवर. मी वेणी तोंडातून काढली.

“सेक्रेटरीसनी जठे सांगं, तठेच काच लावी,” मी म्हणाले. माइक किंचाळला. मी थांबले, तो गप्प झाल्यावर पुढे म्हणाले, “मन्हा बापनी चूक नही. मन्ही चूक नही. चिंधीनी बी नही. मी माफी मांगस नही.”

आणि उभी राहिले. उतरले नाही. उतरायचं असतं हे मला सुचलंच नाही.

आप्पासाहेब मुरलेले होते. त्यांनी ओळखलं की आता आपण बोललं पाहिजे, क्षमा परस्पर करून टाकली पाहिजे. ते कोचावरून उठले. पुढच्या रांगेतला माणूस उठला की डोकं उजेडात येतं, हे तंबूच्या सिनेमाला येणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण कोचावर बसणाऱ्यांना मधेच उठायची वेळ कधी येत नाही. पडद्याच्या खालच्या कडेतून, माझ्या सावलीशेजारी, आधी तुरा उगवला. मग फेटा. मग मिशा. दिव्याच्या जवळ असल्यामुळे सगळं माझ्या दुप्पट.

आणि यंत्राजवळच्या माइकवर आवाज आला: टक.

सुपडूभाऊने तो मुद्दाम केला की सवयीने, ते त्याने मला मरेपर्यंत सांगितलं नाही. “नख लागी गे व्हई,” म्हणायचा. सकाळी खुंटीकडे पाहिल्याची भरपाई होती, असा माझा आपला समज आहे.

पुढचं सांगायला नको. आप्पासाहेबांनी बोलायला तोंड उघडलं की पडद्यावर मिशा हलायच्या, आणि मिशा हलल्या की तंबू कोसळायचा. त्यांनी हात वर केला, क्षमेचाच असणार. पडद्यावर तो हात चिंधीच्या डोक्याच्या बराच वरून गेला. गौरवग्रंथातला ‘मस्तकावर हात’ तो हाच असावा. अखेर ते खाली बसले. तुरा मावळला. सुपडूभाऊने रीळ सुरू केलं तेव्हा नायकाचं तोंड माझ्या फ्रॉकवर पडलं, तशी मी खाली उतरले.

तंबू उठला नाही. एवढ्या लोकांना परत पाठवायचं कसं, हा प्रश्न मंडळींपुढे पडला असणार. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी यात्राभर सांगत फिरला की मुलीने माफी मागितली आणि साहेबांनी उदार मनाने दिली. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांतल्याही काहींना ते पटलं. लोकशाहीत न मागितलेली माफीही मंजूर होते, हे मी त्या यात्रेत शिकले. नानांना मात्र त्यानंतर कुणापुढे वाकलेलं मी पाहिलं नाही. फार वर्षांनी आप्पासाहेबांच्या बंगल्याच्या नावाची पाटी मी रंगवली. मिशांचा प्रश्न नसल्याने काम लवकर झालं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी शिडीवर होते.

हळहळ एका गोष्टीची आहे. चिंधीची एकही काच शिल्लक नाही. आमच्या धंद्यात काच कुणी जपत नसे. काम झालं की सोड्याच्या पाण्यात घालायची, काजळी निघते, काच नव्या जाहिरातीला मोकळी. शेठने घाबरून चिंधी बंदच ठेवली आणि त्या सगळ्या काचा हळूहळू धुतल्या गेल्या. बऱ्याच मीच धुतल्या. संपादक नमुन्यासाठी एखादी मागत होते. कुठून देऊ? त्या काचांवर नंतर लुगडी, तंबाखू आणि आप्पासाहेबांची पुढची स्वागतं निघाली.

पुन्हा काढून बघितली नाही असं नाही. शेठने परवानगी दिली नसती, तरी घरी, माझ्यापुरती. रांजण काढला, दार काढलं, पाहुणा काढला. चिंधीला लपवायला गेले की सुई अडायची. ती रांजणाच्या बाजूला उभीच. पायावर पाय, कोपर बाहेर, पाहुण्याकडे बघत. त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

लोकांपुढे मी अजूनही बोलत नाही. शताब्दी समितीने सोहळ्याला बोलावलं आहे. माझा सत्कार करून मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगणार आहेत. आप्पासाहेबांच्या नातवाने फोनवर फार गोड आग्रह केला. “आजी, त्या माफीच्या प्रसंगाबद्दलच बोला, लोकांना आवडेल.”

मी येईन म्हटलं. स्टेजवर पांढरा पडदा आणि दिवा लोकांच्या मागून लावा, एवढं सांगितलं आहे.